रोसीओची वेलांटी

चष्म्यावरून मला ऋतू कळतो. इथे बहरीनमध्ये, सनाबिसमधल्या आमच्या इमारतीचं काचेचं दार ढकलून सकाळी बाहेर पाऊल टाकलं आणि चष्मा एकदम दुधासारखा पांढरा झाला, की समजायचं, सप्टेंबर लागला. आतली काच एसीने गारठलेली, बाहेरची हवा नुकत्याच पिळलेल्या टॉवेलसारखी. त्या दोघींची गाठ माझ्या नाकावर पडते. मग दोन पायऱ्या चाचपत उतरायच्या, शर्टाच्या टोकाने काचा पुसायच्या, त्या पुन्हा धुरकटतात, पुन्हा पुसायच्या. सव्वीस वर्षं मी हेच करतोय. खिशात रुमाल ठेवावा, हे मात्र अजून सुचलेलं नाही.

यंदाही परवा चष्मा पांढरा झाला, आणि त्या पांढऱ्या पडद्यावर, मला नको होता तरी, गेल्या वर्षीचा सप्टेंबर दिसायला लागला. घरातल्या प्रत्येक माणसावर मी संशय घेतला, तो महिना.

संशय हा तसा माझा पोटापाण्याचा धंदाच आहे. मी एसीवाला इंजिनीअर. मोठमोठ्या इमारतींच्या छतांत गार पाण्याचे पाइप फिरत असतात, त्यांची निगा राखायची. छतातून थेंब पडला की फोन येतो, ‘पाइप फुटला!’ मी शिडी मागवतो, वर चढतो (हल्ली पोटामुळे दुसऱ्याला चढवतो) आणि एकच प्रश्न विचारतो: ही गळती आहे की घाम? गार पाइपावरचं वेष्टण कुठे उसवलं असलं, तर दमट हवा तिथे शिरते आणि पाइपाला घाम फुटतो. पाणी दोन्हीचं सारखंच. ओळखायची रीत साधी आहे. कोरड्या फडक्याने पाइप पुसायचा आणि वाट बघायची. एकाच ठिकाणी थेंब आला तर गळती. सगळीकडून बारीक ओल आली तर घाम. म्हणजे दवच ते, फक्त छतात पडलेलं. दव पडू नये म्हणून पाइपांना गोधड्या गुंडाळण्यात माझी हयात गेली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे दवाने माझ्यावर त्याचा सूड उगवला.

तर गेल्या सप्टेंबरात आमची एकुलती एक मुलगी सानिका गरोदर होती, आठवा महिना, आणि माहेरपणाला आली होती. सासर जुफेरला, माहेर सनाबिसला. मधे फार तर दहा-बारा सिग्नल. तरी नीलिमाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, बोटीवरून लेक उतरावी तशी तिची ओटी भरून तिला घरात घेतलं. मुलगी होणार हे आम्हाला ठाऊक होतं. इथे सोनोग्राफीवाली विचारायच्या आधीच सांगते. त्यामुळे घरात अर्ध्या वेळी नावांच्याच गप्पा. मी आपला तळेगावच्या घरून आणलेलं नावांचं जुनं पुस्तक काढून बसलो होतो.

आणि एका सकाळी फ्रिजच्या दारावर, गॅसवाल्याच्या नंबराखाली, मला ती चिठ्ठी दिसली.

सानिकाचं अक्षर. इंग्रजी लिपीत पाच नावं: पालोमा, आल्बा, निएवेस, मारिसोल, रोसीओ. पहिली चार खोडलेली. रोसीओपुढे दोनदा बरोबरची खूण, आणि त्यातल्या ‘आय’वर टिंबाऐवजी एक तिरकी काडी. माझ्या मुलीने आयुष्यात कधी टिंबसुद्धा धड दिलेलं नाही. ही काडी तिने कोणाकडून शिकली? आणि त्याच्यापुढे गणितातलं ‘बरोबर’चं चिन्ह काढून एन-ए-डी-ए अशी चार अक्षरं. नाडा? नादा? नदा?

मी फोनवर शोधलं. ‘नादा’: स्पॅनिश शब्द. अर्थ, काही नाही.

पाणी पिऊन घेतलं. रोसीओ बरोबर काही नाही. माझ्या नातीचं नाव ही मंडळी शून्य ठेवणार होती, आणि तेसुद्धा स्पॅनिश शून्य.

आता नावांच्या बाबतीत आमच्या घराला एक इतिहास आहे. माझं नाव प्रकाश. अरबीत ‘प’ नाही. म्हणून सीपीआर कार्डाच्या, म्हणजे इथल्या ओळखपत्राच्या, अरबी बाजूवर मी सव्वीस वर्षं ‘ब्रकाश’ आहे. ऑफिसात, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे ब्रकाश. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो. आता तळेगावला गेल्यावर कोणी नीट ‘प्रकाश’ म्हणालं तर क्षणभर मागे वळून बघतो, कोणाला हाक मारताहेत म्हणून. सानिका झाली तेव्हा नीलिमाला ‘पल्लवी’ हवं होतं. मी काउंटरवरच्या कारकुनाच्या तोंडात ते नाव घालून पाहिलं, तर ‘बल्लफी’ निघालं. साफ नकार दिला. ‘सानिका’ अरबीतून सहीसलामत सुटत होतं. झालं. म्हणजे आमच्या घरातली कोवळी पालवी मीच पहिल्यांदा खुडली, हे नीलिमा मला वर्षातून दोनदा ऐकवते.

त्या सवयीने मी रोसीओलाही कारकुनाच्या तोंडात घालून पाहिलं. र, स, य, ओ. एकाही अक्षराला धक्का नाही. नाव अरबीतून गुळगुळीत निघून गेलं. इतकं सुरळीत काही झालं की मला हमखास शंका येते.

“नीलिमा, रोसीओ हे काय आहे?”

“मला काय विचारता? तुमच्या लेकीला विचारा.” तिने पोह्यांवर झाकण ठेवलं. “मला तर नावातच रुसवा दिसतो.”

सानिकाला मी विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळतं आणि तपास संपतो. शिवाय संशय नावापुरता राहिलाच नव्हता. तिच्या नवऱ्याने, चिन्मयने, आदल्या आठवड्यात जेवताना हिरवे ऑलिव्ह खाल्ले होते. तो अकोल्याचा मुलगा. लग्नात याच ऑलिव्हला त्याने ‘खारट बोरं’ म्हटलेलं मी या कानांनी ऐकलं होतं. मनात एक वाक्य तयार झालं आणि ते काही केल्या पुसलं जाईना: ही दोघं माझ्या नातीला घेऊन स्पेनला चालली आहेत.

*

सप्टेंबरची सकाळ आणि गाडीची काच, यांचं माझं जुनं नातं आहे.

सानिका पाच-सहा वर्षांची असताना तिला शाळेची बस लागायची. म्हणून ईसा टाउनच्या शाळेत सोडायला मीच जायचो. उघड्यावर लावलेली आमची पांढरी गाडी पहाटे चिंब भिजलेली असायची. पाऊस नाही, काही नाही, पण टपावरून ओघळ. मी तिला मागच्या सीटवर बसवायचो, दार लावायचो, आणि तिच्या खिडकीवरच्या दवात बाहेरून बोटाने एक अक्षर काढायचो. आज ‘क’. उद्या ‘ख’. पुढे ‘कि’, ‘की’. ती आतून काचेला नाक लावून, माझ्या बोटामागे बोट फिरवायची. आतून काचेवर ‘हाऽऽ’ करून वाफ धरायची आणि हसायची. शाळेत मराठी नव्हतं. घरी मी संध्याकाळी दमून यायचो. मराठीचा आमचा वर्ग भरायचा तो हा एवढाच, एक अक्षराचा. फाटकाशी पोचेपर्यंत ऊन वर यायचं आणि धडा वाळून जायचा.

दोन महिन्यांनी नीलिमाने वही दाखवली. पोरीचा ‘क’ उलटा. ‘स’ उलटा. सगळी बाराखडी आरशातली. मी बाहेर उभा राहून लिहीत होतो आणि ती आत बसून वाचत होती, हे एवढं साधं भूमितीचं गणित इंजिनीअर बापाच्या लक्षात आलं नव्हतं. खूप हसलो आम्ही. वहीत अक्षरं हळूहळू सरळ झाली. पण काचेवरचा खेळ मात्र तिला तसाच हवा असायचा: “नो, बाबा, तू बाहेर, मी आत.” चौथीपर्यंत चाललं. मग तिला बस लागेनाशी झाली.

वेलांट्या मात्र कधी सुधारल्या नाहीत. तळेगावला पत्र लिहिलं तर ‘प्रीय आजि’. पहिलीच्या जागी दुसरी, दुसरीच्या जागी पहिली. मी प्रत्येक वेळी लाल पेन काढायचो. म्हणायचो, इंग्रजी शाळेचा परिणाम. पुढे तिने मराठी लिहिणंच सोडलं. बोलणंही. आम्ही मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा घरात अलिखित करार झाला. तिला समजतं सगळं. टोमणे तर फारच चांगले समजतात. पण तिच्या तोंडून मराठी वाक्य यायचं ते रागात नाहीतर तापात. मला वाटायचं, आपला वर्ग वाळून गेला. काचेवरचा होता, दुसरं काय होणार?

म्हणून स्पेन माझ्या जिवाला लागलं होतं. नात इथे असती, तर निदान मागच्या सीटवर बसली असती.

*

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंचं नाव नदा. मुहर्रकच्या, पक्क्या बहरीनी. ऑफिसात त्यांच्या नावाची पाटी मी रोज बघतो, तीच ती चार अक्षरं: एन, ए, डी, ए. चिठ्ठीनंतर तीन दिवसांनी ते माझ्या डोक्यात शिरलं. तपासनीस म्हणून माझी लायकी यावरून समजावी.

“नदा, तुमच्या नावाचा अर्थ काय हो?”

“बारा वर्षांनी विचारताय, ब्रकाश?” त्यांनी रुतबची, म्हणजे ओल्या खजुराची, डबी माझ्याकडे सरकवली. “दव. पहाटे गाडीवर पडतं ना, ते. का?”

“आणि स्पॅनिशमध्ये?”

“स्पॅनिशमध्ये काही नाही. माझ्या भावाला ते कळल्यापासून तो मला ‘मिस काहीनाही’ म्हणतो. खलास, वाट लागली माझी.”

म्हणजे चिठ्ठीतलं समीकरण अरबी होतं आणि मी ते स्पॅनिशमध्ये सोडवलं होतं. रोसीओ म्हणजे नदा म्हणजे दव.

नदाच्या आजोबांनी लहानपणी मोत्यांच्या बोटीवर काम केलेलं. ते सांगायचे म्हणे, शिंपला पहाटे पाण्यावर येतो, तोंड उघडतो, आकाशातून पडलेला दवाचा थेंब गिळतो आणि खाली जातो. त्याचाच मोती होतो. आपल्याकडे स्वाती नक्षत्रातल्या पावसाच्या थेंबाचं जे सांगतात, तेच इथे दवावर आलं. पाऊसच नाही तर बिचारा शिंपला करणार काय! पण माझ्यातला एसीवाला गप्प बसेना. म्हटलं, “नदा, दव आकाशातून पडत नाही. कुठूनच येत नाही ते. जिथे वस्तू गार असते, तिथल्याच हवेतून ते बाहेर येतं.”

“यल्ला, झालं!” त्या म्हणाल्या. “तुमच्यापुढे मोतीसुद्धा मेंटेनन्सची तक्रार वाटतो.”

तरी खात्री करून घ्यावी म्हणून संध्याकाळी सानिका अंघोळीला गेल्यावर मी तिचा टॅब उघडला. लाज वाटली, पण उघडला. पान समोरच होतं: निसर्गावरून ठेवलेली स्पॅनिश नावं आणि त्यांचे अर्थ. पालोमा म्हणजे कबुतर, शांततेचं प्रतीक. (आमच्या बाल्कनीतल्या कबुतरांची नीलिमाला कल्पना आहे; ते नाव खोडलं गेलं यात तिचा हात असावा.) आल्बा, पहाट. निएवेस, बर्फ. मारिसोल, समुद्र आणि सूर्य. पण खाली बारीक अक्षरात, की मुळात ते मारिया आणि सोलेदाद मिळून झालेलं, आणि सोलेदाद म्हणजे एकटेपणा. म्हटलं, बघा! दर्शनी बाजूला समुद्रकिनारा आणि मागच्या खोलीत एकटेपणा. नावांवर विश्वास ठेवायची सोय नाही. शेवटी रोसीओ. पहाटेचा ताजेपणा, निरागसपणा, वरून गुपचूप उतरणारी कृपा. तिकडे मेरीमातेलाच एका रूपात दवाची माउली म्हणून पुजतात.

मी चष्मा काढून बसलो. माझ्या वर्गात वर्षा होती, सरिता होती, दोन शेफाली होत्या. पावसाची, नदीची, प्राजक्ताची नावं आपण पोरींना दिली. दवाचं नाव कोणा मुलीला दिल्याचं आठवेना. तुषार, नीहार आहेत, पण ते मुलगे, आणि त्यातला एक मला गणितात कॉपी करू द्यायचा नाही. चांगलं मराठी नाव कुठलं? मी नीलिमाला स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, “दवाला आणखी काय म्हणतात गं?”

“दहिवर.”

“दहिवर कसं वाटतं?”

“शाळेत दहीवडा म्हणतील पोरीला.” मग हातातलं उलथनं तसंच धरून तिने माझ्याकडे वळून पाहिलं. “तुम्हाला दव कोणी सांगितलं?”

आणि तिच्या त्या ‘कोणी सांगितलं’वरून मला कळलं, की हिलाही सगळं माहीत आहे. तव्यावर पाहिलं. बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट, स्पेनमध्ये करतात तसं. पंचवीस वर्षांच्या संसारात हिने ऑम्लेटात कधी बटाटा घातला नव्हता.

मग मी माझी धंद्यातली रीत वापरली. कोरडं फडकं फिरवलं. म्हणजे आठवडाभर नावाचा विषय काढला नाही, परदेशाचा काढला नाही, काहीच माहीत नसल्यासारखा हिंडलो, आणि वाट बघितली. सानिका बाल्कनीत येरझाऱ्या घालताना कानांत इअरफोनची बोंडं घालून पुटपुटायची, “ला मान्साना, ला मान्साना.” सफरचंद. चिन्मयच्या फोनवर दोन शहरांचं हवामान. एक मनामा, दुसरं वालेन्सिया. नीलिमा लेकीच्या जुन्या लोकरी स्वेटरांची बटणं लावत बसलेली. एकाच ठिकाणी थेंब असता तर म्हटलं असतं, गळती आहे, बुजवता येईल. इथे सगळीकडून बारीक ओल येत होती. अशा वेळी पाइपाला दोष देता येत नाही. घरातली हवाच बदललेली असते.

*

शुक्रवार होता. चहा, पोहे, मधे रुतबची ताटली. सुट्टी म्हणून चिन्मयही आलेला.

“व्हिसा आला का?” खजुरातली बी काढत मी विचारलं. आवाज असा, की जणू पेपर आला का विचारतोय.

चिन्मयचा चमचा थांबला. सानिकाने आईकडे पाहिलं. आईने लोणच्याच्या बरणीचं झाकण, ते घट्टच होतं, आणखी घट्ट केलं.

“कसला व्हिसा, बाबा?” चिन्मय म्हणाला.

“जावईबापू, मी छत न उघडता गळती ओळखतो.”

“जानेवारीत,” सानिका म्हणाली. “वालेन्सिया. चिन्मयला जॉब मिळालाय. थ्री इयर्स कॉन्ट्रॅक्ट.”

तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट. मी आईला दोन वर्षांचं सांगितलं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी, पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या पासपोर्ट फोटोंचं पाकीट माझ्या शर्टाच्या खिशात वडिलांना सापडलं होतं. त्यांनी ते धुण्यातून बाजूला काढून टेबलावर ठेवलं आणि काही विचारलं नाही. मला तेव्हा वाटलं, त्यांच्या लक्षात आलं नाही.

“आणि मला कधी सांगणार होतात? विमानतळावर?”

“बिकॉज यू डू धिस, बाबा!”

“काय करतो मी?”

“हेच. इन्स्पेक्शन.”

मी हातातला खजूर खाली ठेवला. खरंच मी तो उजेडाकडे धरून बघत होतो.

“अहो, डिलिव्हरी झाल्यावर सांगणार होतो,” नीलिमा म्हणाली. “तुमचं बीपी बघून.”

“बीपी छान आहे माझं. पण पोर जन्मायच्या आधी तिला तिकडच्या नावाचं लेबल लावून मोकळे झालात, त्याचं काय? तिथे खपावं म्हणून? इथे कारकुनाला जमतंय, तिथे शेजाऱ्यांना जमतंय. आजोबाला जमतंय का, हे कोणी विचारलं?”

चिन्मयने तोंड उघडलं. सानिकाने त्याच्या हातावर हात ठेवला. तिचे कान लाल झाले होते. आणि मग तिने, कधी नव्हे ते, सलग मराठीत सुरुवात केली.

“नाव तिथलं नाहीये. तिथे सगळ्यांना त्यांचंच वाटेल. वाटू दे. पण ते तिथलं नाहीये, बाबा.”

“मग कुठलं?”

“इथलं.”

“इथलं? बहरीनचं? रोसीओ?”

“दव म्हणजे काय तुला माहितेय?”

“मला?” मी चिडलोच. “सबंध आखातात माझ्याइतकं कोणाला माहीत नसेल! सत्तावीस अंशाला हवेतलं...”

“तुझं डोकं,” ती म्हणाली, आणि पोटावर हात धरून सावकाश उठून आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

चिन्मय ताटलीतल्या बिया एका ओळीत लावत बसला. नीलिमा मला म्हणाली, “कळायला हवं होतं तुम्हाला. तुम्हालाच.” आणि पुढे काही सांगेना. दिवसभर मी त्या ‘तुम्हालाच’चं वेष्टण उलगडायचा प्रयत्न केला. दव आणि मी, दुसरं नातं आठवेना. पाइप, गोधड्या, शिड्या. पोरगी माझ्या धंद्याची टिंगल करतेय, असाही एक संशय घेऊन झाला. शनिवारी ती माझ्याशी मोजकंच बोलली. तेही इंग्रजीत.

*

रविवारी, म्हणजे इथल्या सोमवारी, सकाळी कामावर जायला निघालो. दार ढकललं, चष्मा पांढरा. दोन पायऱ्या चाचपल्या, शर्टाने काचा पुसल्या, गाडीपाशी आलो. गाडी नखशिखांत भिजलेली. आणि पुढच्या काचेवर, ड्रायव्हरच्या बाजूला, कोणीतरी काहीतरी खरडून ठेवलेलं.

पहिला संशय: समोरच्या इमारतीतली टारगट मुलं. दुसरा: अरबी असावं, उजवीकडून डावीकडे गेल्यासारखं वाटत होतं. पार्किंगची तक्रार असेल. वाकून पाहिलं. पण अक्षरांच्या वर एक रेघ होती, आडवी, सबंध शब्दावरून ओढलेली. अरबीला अशी रेघ कुठली? म्हटलं, जाऊ दे, वायपर फिरवू. आत बसलो, किल्ली लावली, वायपरच्या दांडीवर हात ठेवला आणि समोर पाहिलं.

आतून ते सरळ होतं. रोसिओ.

दवातली अक्षरं, त्यांच्यातून पलीकडचं लालसर आकाश. आठ महिन्यांचं पोट सांभाळत, बॉनेटवर रेलून, बाहेर उभं राहून तिने ते उलटं लिहिलं होतं, आत बसणाऱ्याला वाचता यावं म्हणून. ‘र’चा पाय डौलात वळवलेला. ‘स’ची गाठ नीट. अक्षरांवर चुकून बोट पुसल्याची एक खूण नाही. उलटं लिहिणं तिला किती सरावाचं होतं. आपण कुठे शिकवलं होतं तिला दुसरं!

हात दांडीवरच राहिला. आणि मग, खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की वेलांटी चुकली. ‘सी’ दीर्घ हवा. ती तिरकी काडी त्यासाठीच असते. लाल पेन कितीही जुनं झालं तरी लालच.

उतरलो. दुरुस्त करायला बोट पुढे केलं आणि बोट अडलं. बाहेरून दीर्घ करायची म्हणजे काना कुठल्या बाजूला काढायचा? मी पाहत राहिलो. तिची पहिली वेलांटी बाहेरून चक्क दुसरी दिसत होती. म्हणजे तेव्हाही, मी बाहेरून बरोबर काढलेली प्रत्येक दुसरी तिला आतून पहिली दिसत असणार, आणि प्रत्येक पहिली, दुसरी. ‘प्रीय आजि’. सगळी लाल वर्तुळं मला एकदम आठवली. पोरगी जे दिसलं ते बिनचूक लिहीत होती. बाहेर उभा मी होतो.

शौकतभाई बादली आणि फडकं घेऊन आले. इमारतीतल्या सगळ्या गाड्या सकाळी तेच पुसतात; दाढी पांढरी झाली या कामात.

“साब, शीशा मार दूँ?”

“नहीं, रहने दो.”

“लेट होगा साब.” त्यांनी काचेकडे मान तिरकी करून पाहिलं. “क्या लिखा है?”

“कुछ नहीं,” मी म्हणालो. आणि मग हसायलाच आलं, कारण कुछ नहीं म्हणजे नादा, आणि नदा म्हणजे तेच, जे काचेवर होतं. शौकतभाईंनी मला एकदा आणि बादलीला एकदा पाहिलं आणि ते शेजारच्या गाडीकडे वळले.

वर चौथ्या मजल्यावर आमच्या बाल्कनीचं दार सरकल्याचा आवाज आला. मी वर पाहिलं नाही. बघितलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं. ऑफिसला उशीर होणार होता. ऊन समोरच्या भिंतीवरून खाली उतरत होतं, अजून काचेपर्यंत आलं नव्हतं.

आत बसलो असतो तर नाव सरळ दिसलं असतं. पण मी बाहेरच उभा राहिलो. तिथून वेलांटी बरोबर होती.